युद्धकाळातली अद्भुत श्रुतिका: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

युद्ध, विज्ञानकथा आणि अमानवी घटना या तिन्ही गोष्टी एका श्रुतिकेत, म्हणजे नुसत्या आवाजाच्या नाटकात, आणायच्या म्हटलं, की नवा लेखक पहिल्या मिनिटातच सगळं ओतून मोकळा होतो. भोंगा, बॉम्ब, मागे घुमणारा आवाज, अंधारात कुणाचं तरी हसणं. माझी पहिली श्रुतिकाही अशीच होती. अकराव्या मिनिटाला एका मैत्रिणीने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, "मला घाबरायचं होतं गं, पण मी कुठे बसलेय तेच कळेना."

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळते. श्रोत्याला आधी खऱ्या आवाजांच्या जागेत नेऊन बसवायचं, तिथे थोडं रुळू द्यायचं, आणि मग त्यातला एकच आवाज बिघडवायचा. ही पद्धत एका चालू उदाहरणावर दाखवते. तीस मिनिटांची श्रुतिका, काळ एप्रिल १९४४, जागा मुंबई.

पहिली पायरी: एक खरी जागा आणि एक खरा दिवस

"दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एका शहरात" असं म्हणून सुरुवात केलीत तर आवाज कुठून आणणार? दिवस ठरला की आवाज आपोआप हाती लागतात.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभं होतं. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे ते १२ तारखेला आलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्याच जोडीला कापसाच्या गासड्या, वंगणाची पिंपं, लाकूड, आणि सोन्याच्या विटा. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचं लाल निशाण जहाजावर नव्हतं. दुपारी तळातल्या एका कोठारातून धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर नोंद झाली, आणि सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यातही जमीन थरथरल्याचं उपकरणांनी टिपलं. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी.

पण श्रुतिकाकाराच्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, या स्फोटाची सविस्तर बातमी दिली. ब्रिटिश सेन्सॉरने मात्र मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत पत्रकारांना ती बाहेर पाठवू दिली नाही. शहराने स्वतःच्या कानांनी ऐकलेली गोष्ट शहराला उघड बोलता येत नाही, आणि परक्या देशातला रेडिओ ती मोठ्याने सांगतोय! आवाजाच्या माध्यमासाठी याहून चांगलं बीज मला तरी माहीत नाही.

अभ्यासासाठी मुंबईत असाल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार या तीन जागा धरा. जुनी वर्तमानपत्रं वाचताना बातम्यांपेक्षा जाहिराती आणि सूचना जास्त वाचा. लोक काय ऐकत, काय वापरत, कशाला रांग लावत, ते तिथे सापडतं.

दुसरी पायरी: अद्भुताला एक नियम द्या

भूतकथेत "असं घडलं" एवढं पुरतं. विज्ञानकथा म्हटली की "असं घडतं तर त्याचा नियम काय" हा प्रश्न येतो, आणि दोन्ही एकत्र आणायचं तर नियम श्रोत्याला आवाजातूनच कळला पाहिजे. नियम शोधायला कल्पनेच्या आधी इतिहासाकडे जा. आवाजाच्या इतिहासात अशा जागा बऱ्याच आहेत.

पहिल्या महायुद्धात हाइनरिश बार्कहाउझन हा जर्मन शास्त्रज्ञ शत्रूच्या फोनतारांवरचं बोलणं चोरून ऐकत होता. कानात मधूनच शीळ यायची, उंचावरून खाली घसरत जाणारी. तारांवर बसलेले सैनिक म्हणायचे, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. खरं कारण १९५३ साली ओवेन स्टोरीने उलगडलं: दूरच्या विजेच्या कडकडाटाच्या रेडिओलहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून अंतराळात जाऊन परत येतात, आणि वाटेत उंच स्वर पुढे, खालचे मागे असे पांगतात. खंदकातल्या माणसाला ऐकू येत होती ती दुसऱ्या गोलार्धातली वीज.

दुसरं उदाहरण १९२७ सालचं. नॉर्वेच्या यॉर्गन हाल्सला आइंडहोव्हनच्या रेडिओकेंद्राचा प्रतिध्वनी तब्बल तीन सेकंदांनी ऐकू आला. रेडिओलहर पृथ्वीला फेरी मारून यायला सेकंदाचा सातवा भागही पुरतो. मग ते तीन सेकंद कुठे गेले होते? या उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनींचं सर्वांना पटणारं एकच उत्तर आजही नाही.

आमच्या उदाहरणातल्या श्रुतिकेचा नियम इथूनच आला. मी फक्त दिशा उलटी केली. गिरगावातल्या एका चाळीत रेडिओ दुरुस्त करणारे बापू राहतात. त्यांच्या एका संचाच्या कर्ण्यातून त्याच खोलीतले आवाज ऐकू येतात, पण घडायच्या आधी. १ एप्रिलला तीन सेकंद आधी. मग रोज दुप्पट: सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस.

आता गणित करा. तेरा वेळा दुप्पट केल्यावर १४ एप्रिलला हे अंतर होतं २४,५७६ सेकंद, म्हणजे सहा तास, एकोणपन्नास मिनिटं आणि छत्तीस सेकंद. चार वाजून सहा मिनिटांनी होणारा स्फोट बापूंना त्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास ऐकू येणार. हाती जेमतेम पावणेसात तास. सांगायचं कुणाला? आणि युद्धाच्या दिवसांत, "मी हे रेडिओवर ऐकलं" असं सांगणाऱ्या माणसाकडे पोलीस कोणत्या नजरेने बघतील? मुंबईत १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला होता आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला होता. त्यानंतर रेडिओ उघडून बसलेला प्रत्येक कारागीर संशयितच. बघा, नियम ठरवला आणि कथानक त्याच्या मागून चालत आलं.

नियमाच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. नियम एकच असू द्या. तो एखाद्या क्षुल्लक प्रसंगात आधी सिद्ध करा, मोठ्या प्रसंगात वापरा. आणि शेवट सोपा व्हावा म्हणून तो मोडू नका.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खऱ्या दुर्घटनेचं कारण अद्भुत करू नका. त्या जहाजावर दारूगोळा आणि कापूस एकत्र भरणं हा माणसांचा निर्णय होता, निशाण न लावणं हाही माणसांचाच. तुमच्या श्रुतिकेत स्फोट एखाद्या पिशाच्चाने किंवा परग्रहावरच्या यंत्राने घडवला, तर त्या माणसांची जबाबदारी तुम्ही पुसलीत, आणि मेलेल्यांवर दुसऱ्यांदा अन्याय केलात. अद्भुत गोष्ट ऐकवू शकते, चुकवू शकते, छळू शकते. आग लावायचं काम तिच्याकडे देऊ नका. तसंच, खऱ्या मृतांची नावं घेऊन त्यांची भुतं करू नका. पात्रं काल्पनिक ठेवा, दिवस खरा ठेवा.

तिसरी पायरी: आवाजांची वही

संहितेच्या आधी एक वही करा. तीन रकाने आखा: खोलीतले आवाज, चाळीतले आवाज, शहरातले आवाज. प्रत्येक आवाजापुढे "१९४४ मध्ये हा होता का?" हे तपासा. नव्या मंडळींचं काम सर्वांत जास्त इथे घसरतं.

भांड्यांचंच बघा. तेव्हाच्या चाळीतल्या फडताळात पितळ आणि तांबं होतं, आजचं स्टेनलेस स्टील घरोघर यायचं होतं. पितळी वाटी खाली पडली की लांबपर्यंत गुणगुणते. स्टीलची झणकन वाजते आणि थांबते. मी आजीकडच्या माळ्यावरून दोन पितळी पातेली आणि एक कळशी उतरवून आणली, आणि खोली एका क्षणात ऐंशी वर्षं मागे गेली.

लोकलचा "झुकझुक" आवाज घालायचा मोह आवरा. मुंबईच्या लोकल १९२५ पासून विजेवर धावू लागल्या होत्या. ट्राम होती, तिची घंटा वापरा. घोड्याची व्हिक्टोरिया, म्हणजे भाड्याची बग्गी, होती. बहुतेक खोल्यांत विजेचा पंखा नव्हता, म्हणजे खोलीची शांतता आजच्यापेक्षा खरी शांत. पंप मारून पेटवायचा स्टोव्ह होता आणि रॉकेलची टंचाई होती, तेव्हा स्टोव्हचा फरफर आवाज मध्येच मंदावून बंद पडणं हा एक छोटा प्रसंगच होतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ कळ फिरवल्याबरोबर बोलत नसे. आधी टक्, मग घुंऽऽ अशी घरघर, व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट वाट, मग लांबून जवळ यावा तसा आवाज. ही वाट बघणं श्रोत्याला द्या. भीती तिथे जन्मते.

शहराच्या रकान्यात गिरण्यांचा भोंगा येतो आणि हवाई हल्ल्याचा भोंगाही येतो. इशारा देणारा वरखाली होतो, धोका टळल्याचा सरळ एकसुरी वाजतो, आणि गिरणीचाही सरळच वाजतो. कानाला गोंधळवणारी ही खरी गोष्ट एकदा तरी वापरा.

वेळेचा गोंधळही कामाचा आहे. भारताची प्रमाणवेळ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ एक तास पुढे केलेली होती. मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत शहरात टिकून होती. भविष्य ऐकणाऱ्या माणसाच्या कथेत "कुठल्या घड्याळाचे चार?" हा प्रश्न एका पात्राच्या तोंडी जरूर घाला.

चौथी पायरी: संहिता

मराठी संवाद सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द जातात, असा माझा अनुभव. आवाज आणि शांततेला जागा सोडून तीस मिनिटांना अडीच ते तीन हजार शब्द पुरतात. पात्रं पाचापेक्षा जास्त नकोत.

डोळ्यांनी दिसणारी गोष्ट संवादात कोंबू नका. "अरे बापरे, हे बघ, दार आपोआप उघडतंय!" असं माणसं बोलत नाहीत. कडी वाजू द्या, बाहेरचा आवाज आत येऊ द्या, आणि पात्राला बोलता बोलता थांबवा. कोण बोलतंय हे कळायला मात्र हाक हवीच, आणि तिथे मराठी आपल्याला मदत करते. आक्का, तात्या, वहिनी, मास्तर या हाकांमधूनच नातं, वय आणि जरब कळते, वेगळं सांगावं लागत नाही.

नियम सिद्ध करणारा १ एप्रिलचा प्रसंग मी असा लिहिला (वॉर्डन म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवायला लावणारा माणूस):

*(खोली. भिंतीवरचं घड्याळ. खाली नळाची धार कळशीत. लांब ट्रामची घंटा. टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर ठेवल्याचा आवाज. रेडिओची कळ: टक्. घरघर. बराच वेळ फक्त घरघर.)*

बापू: (स्वतःशी) व्हॉल्व्ह तर ठीक दिसतोय.

रेडिओ: (अगदी बारीक, आक्कांच्याच आवाजात) …दिवा मालव.

बापू: मालवतो गं, आक्का.

*(दिव्याची कळ.)*

आक्का: (दारातून, मोठ्याने) बापू, तो वॉर्डन ओरडतोय खालून. दिवा मालव. (थांबून) मालवलास? बरं झालं.

बापू: आत्ताच नाही का सांगितलंस?

आक्का: मी? मी तर आत्ता जिना चढून येतेय.

*(घरघर. घड्याळ.)*

इथे कुणी किंचाळत नाही. श्रोता मनात मागे जाऊन मोजतो, आणि त्याला कळतं. त्याला स्वतःला कळलं हेच महत्त्वाचं, म्हणून प्रसंगानंतर किमान पाच सेकंद घड्याळ चालू द्या.

१४ तारखेची सकाळ लिहिताना भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने आहे. जमिनीतला धक्का सेकंदाला काही किलोमीटर जातो, हवेतला आवाज सुमारे तीनशे चाळीस मीटर. गोदीपासून दोनेक किलोमीटरवरच्या गिरगावात आधी भांडी किणकिणतील, मग सहा-सात सेकंद काहीच नाही, आणि मग दणका. परळला हाच अवधी पंधरा सेकंदांच्या आसपास. तेव्हा रेडिओतून बापूंना पहिल्यांदा ऐकू येते ती फडताळातली पितळी भांडी. आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी तीच भांडी खरोखर किणकिणतात तेव्हा पुढचे सहा सेकंद काय असतील, हे श्रोत्याला आधीच माहीत असतं. त्या सहा सेकंदांसाठी सगळी श्रुतिका लिहायची.

जहाज वाचवू नका. इतिहास जसा घडला तसाच राहू द्या. बापूंच्या सांगण्याने एखादं पात्र त्या दिवशी गोदीत कामाला गेलं नाही, एवढं पुरे आहे, आणि ते पात्र पुढे आयुष्यभर त्याचं काय करतं हा वेगळा, मोठा प्रश्न आहे.

पाचवी पायरी: आवाजाची माणसं

डोळे मिटून वाचन घ्या. दोन आवाज सारखे वाटले तर एकाचं वय बदला, बोली बदला किंवा पात्रच काढून टाका. गोदीत आणि गिरण्यांत कोकणातली माणसं होती, घाटावरची होती, तेलुगू बोलणारे कामाठी होते. मालवणी बोलणारं पात्र असेल तर ते मालवणी येणाऱ्याकडूनच करून घ्या. ओढूनताणून आणलेली बोली कानाला लगेच खुपते, आणि त्या भागातल्या श्रोत्याचा अपमान होतो.

नटांना सांगायची एकच सूचना: रंगमंचावर शेवटच्या रांगेला ऐकवता, इथे एका माणसाच्या कानात बोलायचंय.

सहावी पायरी: ध्वनिमुद्रण

यूएसबी माइक असेल तर उत्तम, नसेल तर चांगल्या फोनवरही पहिली श्रुतिका होते. वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झवर घ्या. कपड्यांच्या कपाटासमोर बसा, भिंतींवर गोधड्या टांगा, पंखा आणि फ्रीज बंद. एप्रिलमध्ये पहाटे करत असाल तर कोकिळा ओरडणारच. तिला प्रसंगात घ्या, काळाला ती चालते. शेजारच्या कुकरची शिट्टी चालत नाही. माझा एक संपूर्ण प्रसंग त्या शिट्टीपायी पुन्हा करावा लागला होता.

माइक तोंडापासून वीतभर, आणि किंचित बाजूला. मराठीत फ, भ, ख, ध असे श्वास सोडणारे वर्ण फार, समोरून बोललात तर प्रत्येक "भाऊ" वर धप्प आवाज येतो. सर्वांत मोठा आवाजही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. किंचाळताना दोन पावलं मागे सरका. शेवटी प्रत्येक जागी तीस सेकंद कुणीही न बोलता नुसती खोली मुद्रित करा. संपादनात ही रिकामी खोली सोन्यासारखी उपयोगी पडते.

सातवी पायरी: घरात केलेले आवाज

व्हिक्टोरियाच्या घोड्याला नारळाच्या करवंट्या, रस्त्यासाठी फरशी. दूरच्या आगीला चुरगाळलेला सेलोफेन कागद, माइकच्या अगदी जवळ. ढिगाऱ्याला फुटक्या कौलांचे तुकडे आणि खडी, पत्र्यावरून घसरवलेली. वॉर्डनच्या चालण्याला चामडी वहाण आणि जिन्याचं जुनं लाकूड.

स्फोटासाठी धान्याचं भरलेलं पोतं उंचावरून टाका, लाकडी दार आपटा, आणि हे दोन्ही आवाज मंद करा. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली उतरतो, पाव केला की दोन. वर थोडी कौलं. एवढ्याने होतं.

रेडिओचा आवाज करायला तीनशे ते तीन हजार हर्ट्‌झमधला पट्टाच ठेवा, बाकी कापा, खाली हलकी घरघर द्या. बार्कहाउझनची शीळ हवी असेल तर सहा हजार हर्ट्‌झपासून पाचशेपर्यंत दीड-दोन सेकंदांत घसरणारा शुद्ध सूर तयार करा. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत हे सगळं होतं.

आणि आपला बिघडलेला आवाज? तो करायची युक्ती ध्वनिफितीच्या काळातून आलेली आहे. गुंडाळलेल्या चुंबकीय फितीचा एक थर शेजारच्या थरावर आपली छाप सोडतो, म्हणून जुन्या मुद्रणांत एखादं वाक्य सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याचीच पुसट सावली ऐकू येते. ही खरी, रोजच्या तंत्रातली गोष्ट आहे, आणि ऐकताना अंगावर काटा येतो. तेच करायचं: आक्कांचं मूळ वाक्य घ्या, त्याची प्रत काढा, ती मूळ वाक्याच्या तीन सेकंद आधी ऐकू येईल अशी सरकवा, रेडिओचा पट्टा लावा आणि मूळ आवाजापेक्षा बराच खाली ठेवा. वाक्य नव्याने बोलून घेऊ नका. प्रत अक्षरशः तीच असली पाहिजे, श्वासासकट. कान हा फरक ओळखतो.

आठवी पायरी: मिश्रण

बहुतेक लोक इअरफोनवर ऐकतील, रात्री, झोपायच्या आधी. तिथे खराखुरा मोठा स्फोट करता येत नाही आणि करूही नये. मोठेपणा आवाजाच्या आधीच्या शांततेत असतो. आमच्या श्रुतिकेत चार वाजून पाच मिनिटांपासून मी एकेक आवाज काढून घेतला: आधी ट्राम, मग नळ, मग खालची मुलं. उरलं फक्त घड्याळ. भांडी किणकिणली. सहा सेकंद. मग दणका, आणि तोही दोनच सेकंद. त्यानंतर कानात वाजणारी ती नेहमीची शिट्टी मी घातली नाही, ती सगळेच घालतात. मी घड्याळ बंद केलं. अठ्ठावीस मिनिटं सतत चाललेलं घड्याळ थांबलं की श्रोत्याला स्वतःचा श्वास ऐकू येतो.

पार्श्वसंगीत कमी ठेवा, बिघडलेल्या आवाजाच्या वेळी तर नकोच. संगीत वाजलं की श्रोता सावध होतो, "आता काहीतरी होणार". तो बेसावध असताना झालं पाहिजे. शेवटी एकूण पातळी उणे सोळा एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणा, शिखर उणे एक डेसिबलच्या खाली, म्हणजे बहुतेक ठिकाणी नीट वाजेल.

नववी पायरी: हक्क, चाचणी, प्रसारण

फ्रीसाउंडसारख्या संकेतस्थळांवरचे आवाज घेताना प्रत्येकाचा परवाना वाचा. काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. त्या काळातलं गाणं हवं असेल तर दोन हक्क वेगळे धरा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं. मुद्रण मोकळं झालं म्हणून गाणं मोकळं झालं असं नव्हे. मी आक्कांच्या तोंडी जात्यावरची पारंपरिक ओवी दिली आणि हा प्रश्नच मिटवला.

चाचणीला तीन माणसं बसवा: एक जी कधीच श्रुतिका ऐकत नाही, एक जी सत्तरीच्या पुढची आहे, आणि एक तुमचा सर्वांत कडक मित्र. "आवडली का?" हे विचारू नका. "तुम्ही खोलीत कुठे बसला होतात? दार कोणत्या बाजूला होतं?" असं विचारा. तिघांची उत्तरं जुळली तर जागा उभी राहिली. मग विचारा, "रेडिओचं काय चाललंय हे तुम्हाला केव्हा कळलं?" माझ्या चाचणीत सत्तरीच्या काकूंना ते सर्वांत आधी कळलं, कारण लहानपणी व्हॉल्व्ह तापायची वाट बघत त्या रेडिओसमोर बसलेल्या होत्या.

संहिता लिखित स्वरूपातही सोबत द्या, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. आणि सुरुवातीला एक वाक्य सांगा, की यात स्फोटाचे आणि आगीचे आवाज आहेत. युद्ध पाहिलेली, आग पाहिलेली माणसंही तुमची श्रोती असतात. ही किंवा अशी दुसरी कुठली श्रुतिका १४ एप्रिलला प्रसारित करणार असाल, तर शेवटी, कलाकारांच्या नावांच्या आधी, त्या सहासष्ट जणांचा आणि गोदीत गेलेल्या बाकीच्यांचा उल्लेख करा. साध्या आवाजात, मागे काहीही न वाजवता.